अंबुजाक्का जिन्यात जेवायच्या

अंबुजाक्का मोहिते यांनी आमच्या विमा कंपनीच्या नुंगंबाक्कम शाखेत एकतीस वर्षं नोकरी केली आणि त्यातले शेवटचे सात महिने त्या दुपारचं जेवण जिन्यात बसून जेवल्या. ऑफिसात जेवणाची खोली होती. तिथे ए.सी. होता, हात धुवायला बेसिन होतं, बसायला बाकं होती. अक्कांना तिथे येऊ नका असं कुणीही म्हटलं नव्हतं. त्यांच्या डब्याला मात्र येऊ नको म्हटलं होतं.

मी त्या शाखेत रुजू झाले तेव्हा अक्का छप्पन्न-सत्तावन्नच्या असतील. बुटक्या, रुंद खांद्यांच्या, दोन्ही नाकपुड्यांत खडे, आणि चेन्नईच्या उकाड्यातही कडक इस्त्रीची सुती साडी. रेकॉर्ड विभाग त्यांच्या ताब्यात होता. सगळं संगणकावर गेलं तरी जुन्या पॉलिसींचे मूळ कागद कधी ना कधी लागायचेच, आणि ते कुठल्या कपाटात, कुठल्या खणात आहेत हे एकट्या अक्कांना माहीत. फाइल मागायला आलेल्या माणसाच्या हातात त्या उभ्या उभ्या फाइल देत नसत. आधी बसा म्हणायच्या. फाइल उभ्याने वाचायची नसते, हा त्यांचा नियम होता आणि तो साहेबांनाही लागू होता. त्यांच्या टेबलासमोरच्या डगमगत्या स्टुलावर शाखेतला प्रत्येक माणूस कधी ना कधी बसलेला होता.

ओळखपत्रावर किंवा हजेरीच्या यादीत कुणी ‘अंबुजाबाई एम.’ एवढंच लिहिलं की तो कागद त्या परत पाठवायच्या. मोहिते पूर्ण लिहा. तमिळ लोकांना त्या उत्तरेकडच्या वाटायच्या, आम्हा महाराष्ट्रातून आलेल्यांना तमिळ वाटायच्या. त्यांना स्वतःला याचं काही वाटत नसे. तंजावरात त्यांच्या घराण्याच्या किती पिढ्या झाल्या ते मोजायचं त्यांनी सोडून दिलं होतं, आणि महाराष्ट्र त्यांनी एकदाही पाहिला नव्हता.

माझी त्यांची गाठ पडली ती रुजू झाल्यावर तिसऱ्या की चौथ्या दिवशी. मी मधल्या पॅसेजमध्ये उभी राहून आईशी फोनवर बोलत होते. फोन ठेवला आणि मागून आवाज आला.

“कोठची गे तूं?”

मी दचकून वळले. जुन्या दस्तऐवजातून उचलल्यासारखी ती मराठी, आणि हेल अस्सल तमिळ.

“कराडची,” मी म्हणाले.

“नांव?”

“वैशाली पवार.”

“पवार.” त्यांनी नाव तोंडात घोळवलं. “मग डब्यांत रोज लिंबूभात कां आणतांस?”

चार दिवसांत त्यांनी माझा डबा पाहून ठेवला होता. “आम्ही खात नाही, अक्का,” मी म्हणाले. “मटण-मासे काही नाही.”

अक्कांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. “सरि,” म्हणाल्या आणि गेल्या. सरि म्हणजे तमिळमध्ये बरं. हे बरं माझ्या उत्तराला नव्हतं, माझ्या खोटेपणाला होतं, एवढं मला तेव्हाही कळलं.

खोटं होतंच ते. माझा नवरा नितीन गाड्यांच्या कारखान्यात इंजिनियर. पश्चिम मांबलममध्ये आम्हाला घर मिळालं ते घरमालकांनी पहिल्याच वाक्यात विचारलेल्या प्रश्नामुळे, आणि नितीनने एका दमात दिलेल्या उत्तरामुळे. आम्ही शुद्ध शाकाहारी. तेव्हापासून आम्ही कोंबडी खायची ती हॉटेलात, आणि जिना चढायच्या आधी बडीशेप चावायची. घरमालकांचा पुतण्या श्रीधर नेमका आमच्याच शाखेत होता, त्यामुळे ऑफिसातही मला तेच सोंग चालू ठेवावं लागलं.

अक्कांचं असं काही नव्हतं. त्यांच्या तीन पुडी डब्यात जे असेल ते असे आणि झाकण निघालं की सगळ्यांना कळे. आठवड्यातून एकदा, बहुधा बुधवारी, त्यात एक काळपट, दाट, तेलाचा तवंग धरलेली भाजी असायची. सुक्या मोच्चैचे दाणे, म्हणजे आपल्याकडच्या पावट्याचे थोरले भाऊ, आणि त्यांच्यात खारवून, वाळवून, धूर दिलेल्या मटणाचे तुकडे. चिंच, लसूण आणि धूर असा तो वास होता. पहिल्यांदा तो आला तेव्हा माझ्या तोंडाला सुटलेलं पाणी मी लिंबूभाताबरोबर गिळलं. अक्कांनी तेही पाहिलं असावं, कारण त्याच आठवड्यात त्या माझ्या टेबलाशी येऊन म्हणाल्या, “आइतवारीं घरीं ये. खाऊं नको. पाहा.”

सैदापेटला त्यांचं दोन खोल्यांचं घर आणि वर गच्ची. नवरा जाऊन काही वर्षं झालेली. मुलगा सरवणन बँकेत, सून कविता शाळेत शिक्षिका. मी गेले तेव्हा अक्का गच्चीवर होत्या. दोरीवर मटणाच्या लांब पट्ट्यांच्या माळा लटकत होत्या आणि त्यांच्यावर जुन्या धोतराचं पातळ कापड होतं. मीठ, हळद, तिखट आणि ठेचलेला लसूण चोळून दाभणाने सुतळीत ओवलेल्या त्या माळा चार दिवस उन्हात राहत. रोज ऊन उतरलं की त्या एका पत्र्याच्या पिंपात टांगायच्या आणि तळाशी नारळाच्या करवंट्या धुमसत ठेवायच्या.

“तंजावरास चुलीवर टांगीत,” अक्का म्हणाल्या. “चुलीचा धूर आपण होऊन लागे. येथें ग्यास. ग्यासला धूर कोठचा?” म्हणून हे पिंप त्यांनी स्वतः खालून भोकं पाडून तयार केलं होतं. शेजारच्या गच्चीवरून एक बाई ओरडून काहीतरी म्हणाल्या. अक्कांनी तिकडे न पाहता तमिळमध्ये उत्तर दिलं. काय म्हणालात, मी विचारलं.

“वास येतो म्हणते. मी म्हटलें, येणारच, शिजतें आहे ना.”

खाली स्वयंपाकघरात मातीचं मडकं मंद आचेवर होतं. दाणे आदल्या संध्याकाळपासून भिजून फुगलेले. कुकर त्यांना चालत नसे. कुकरमध्ये दाणा घाबरून फुटतो, हे त्यांचं म्हणणं. मागच्या वर्षीचं मटण बरणीतून काढून गरम पाण्यात टाकलं होतं. ते मऊ पडल्यावर अक्कांनी पाट्यावर वरवंट्याने ठेचायला घेतलं, इतकं की त्याचे धागे सुटे झाले. मग तिळाचं तेल, मूठभर छोटे कांदे, सोललेला अख्खा लसूण, धन्या-मिरचीची पूड, आणि त्यात ते मटण. दाणे अर्धे शिजल्यावर हे सगळं मडक्यात गेलं. मी चिंचेच्या कोळाचं भांडं पुढे केलं तर त्यांनी माझा हात अडवला.

“अत्तां नको. चिंच आधीं पडली कीं दाणा हट्ट धरतो. मग दिवसभर शिजव, मऊ होत नाहीं.”

दीड तास आम्ही त्या मडक्यापाशी बसलो. त्या फारसं बोलल्या नाहीत. मडक्याच्या आवाजाकडे त्यांचं लक्ष होतं. शेवटी कोळ गेला, रस काळा होत आला, आणि त्यांनी मला पान वाढलं. त्या दिवशी मी तीनदा भात घेतला. दाणा जिभेवर लोण्यासारखा पसरायचा आणि मागून ते चिवट, खारट, धुराचं मटण यायचं. “तूं तर खात नाहींस” असं अक्का एकदाही म्हणाल्या नाहीत.

निघताना त्यांनी नितीनसाठी डबा भरून दिला. मी तो घेतला नाही. घरमालक खालीच राहतात, वास जाईल, मी म्हणाले. अक्कांच्या चेहऱ्यावरचं सगळं हसू उतरलं. त्यांनी पुढे केलेला डबा परत ओट्यावर ठेवला. “सरि,” म्हणाल्या. मला वाटलं, अन्न नाकारलं म्हणून त्यांना राग आला.

पुढच्या वर्षी जेवणाच्या खोलीची डागडुजी झाली. खिडक्या बंद करून ए.सी. बसवला. त्यामुळे वास खोलीतच राहू लागला आणि तक्रारी सुरू झाल्या. एक दिवस श्रीधर कागद घेऊन टेबलाटेबलाशी फिरला. आम्ही खाली सह्या करणारे कर्मचारी विनंती करतो की जेवणाच्या खोलीत मांसाहारी पदार्थ आणण्यास मनाई असावी. तो माझ्यापाशी आला, कागद ठेवला, पेनाचं टोपण काढून पेन माझ्या हातात दिलं आणि उभा राहिला. घरमालकांचा पुतण्या. मी सही केली.

आठवड्याभरात दारावर पाटी लागली, तमिळमध्ये आणि इंग्रजीत. नियम झाला तो असा शांतपणे झाला. कुणी भांडलं नाही. मासे-मटण आणणारे दहाबारा जण होते, ते दहीभात आणू लागले. अक्का त्या दुपारी डबा घेऊन दाराशी आल्या, चष्मा लावला, दोन्ही भाषांतली पाटी सावकाश वाचली. मग वळल्या, ऑफिसच्या बाहेर गेल्या आणि दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यांमधल्या जिन्याच्या वळणावर पायरीवर बसून त्यांनी डबा उघडला. दुसऱ्या दिवशी घरून एक घडीचं स्टूल आलं. तो बुधवार होता. धुराचा आणि चिंचेचा वास जिन्यातून वर आमच्या काउंटरपर्यंत आला आणि खाली तळमजल्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानापर्यंत गेला.

आमच्या इमारतीची लिफ्ट निम्मे दिवस बंद असे. एक ते पावणेदोन या वेळात वर येणारा-जाणारा प्रत्येक माणूस अक्कांच्या ताटावरून जायचा. पॉलिसीचे पैसे भरायला आलेले म्हातारे, एजंट, कुरियरवाले. अक्का पाय आवरून घेऊन त्यांना वाट द्यायच्या आणि पुन्हा जेवू लागायच्या. कुणी विचारलं, अम्मा, इथे का बसलात, तर जे होतं ते सांगायच्या. आत आणायला मनाई आहे. आवाजात तक्रार नसायची. ऊन फार आहे म्हणावं तितक्या सहज सांगायच्या.

व्यवस्थापक विश्वनाथन सर सज्जन गृहस्थ. त्यांनी कुणावर आवाज चढवलेला मी कधी ऐकला नाही. तिसऱ्या दिवशी ते स्वतः जिन्यात गेले. मी वरच्या कठड्याशी होते, त्यामुळे दोघांचं तमिळ बोलणं मला ऐकू आलं.

“अम्मा, तुमच्या रेकॉर्ड रूममध्ये बसा. मी तिथे टेबल देतो.”

“तिथे फाइली आहेत, सर. फाइलींत जेवत नाहीत.”

“मग घरी जाऊन जेवून या. तास जास्त घ्या. मी काही म्हणणार नाही.”

“मला सवलत नको आहे, सर.”

“मग निदान वरच्या गच्चीवर. इथे लोक बघतात.”

“बघू देत. मी खाते. चोरते का?”

सर वर आले. ते वाक्य मग पुष्कळदा ऐकू आलं. युनियनच्या माणसालाही त्यांनी परत पाठवलं. तो त्यांच्या बाजूने अर्ज करायला आला होता. पाटी काढायला लावू, म्हणाला, तुम्ही फक्त सही करा. अक्का म्हणाल्या, सह्या करून लागलेली पाटी मला सह्या करून काढायची नाही. त्याला याचा अर्थ लागला नाही आणि तो निघून गेला.

दोनेक आठवड्यांनी त्यांच्याशेजारी पायरीवर सेल्वी बसू लागली. सेल्वी ऑफिस झाडणारी. आधी ती कुठे जेवते हे आम्हा कुणालाही ठाऊक नव्हतं. गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत जेवायची. जेवणाच्या खोलीत पाटी लागायच्या आधीही ती कधी बसली नव्हती. मग वॉचमन मुरुगेसन आला, दोन शिपाई आले, मग क्लेम्समधली मेरी आपला माशांचा डबा घेऊन आली. महिन्याभरात जिन्याच्या त्या वळणावर आठ-नऊ माणसं असायची आणि हसण्याचा आवाज वर यायचा. आत ए.सी.मध्ये आम्ही चमच्यांचा आवाज न करता जेवत होतो.

मग विभागीय कार्यालयातून मोठ्या बाई तपासणीला आल्या. नेमकी लिफ्ट बंद. सव्वा वाजता त्या धापा टाकत दुसरा मजला ओलांडून वळल्या आणि थांबल्या. मागे विश्वनाथन सर, त्यांच्यामागे आम्ही. पायऱ्यांवर डबे मांडलेले. बाकीचे गडबडून उठले. अक्का उठल्या नाहीत. त्यांनी उजवा हात ताटात ठेवला आणि डाव्या हाताने पदर सारखा केला.

“हे काय आहे?” बाईंनी विचारलं.

“जेवण, मॅडम.”

“इथे का?”

“आत पाटी आहे. हे आत चालत नाही.”

“तुम्ही रोज इथे जेवता?”

“जेवण रोज असतं, मॅडम.”

बाईंनी सरांकडे पाहिलं. सरांनी खाली पाहिलं. बाई वर गेल्या. त्या दिवशी संध्याकाळी सरांच्या केबिनमधून बोलणं बराच वेळ ऐकू येत होतं, पण पाटी निघाली नाही. कर्मचाऱ्यांचाच अर्ज आहे, सह्या आहेत, असं उत्तर गेलं म्हणतात. त्या सह्यांत माझी होती.

ते ऐकल्यावर मला राहवलं नाही. दुसऱ्या दिवशी मी रेकॉर्ड रूममध्ये गेले. अक्कांनी स्टूल दाखवलं, मी बसले.

“अक्का, त्या अर्जावर माझीपण सही आहे.”

“सातवी,” अक्का म्हणाल्या.

त्यांनी मागच्या कपाटाकडे मान केली. “कागद अस्के येथेंच येतात.” अस्के म्हणजे सगळे. “पाटी लागली, अर्ज फाइलीस आला. मीच लाविला.” स्वतःच्या डब्याविरुद्धचा अर्ज त्यांनी भोकं पाडून, क्रमांक टाकून, जिथे लावायचा तिथे लावून ठेवला होता.

“मला कधी बोलला नाहीत.”

“काय बोलणार? मींही केली आहे तसली सही.” पुढचं त्यांनी कपाटाकडे पाहत सांगितलं. लग्नानंतर त्या आणि त्यांचे यजमान नुंगंबाक्कममध्येच, या ऑफिसपासून दोन गल्ल्यांवर भाड्याने राहत होते. यजमानांनी घरमालकाला सांगितलं होतं, आम्ही खात नाही. सरवणन पोटात असताना त्यांची आई तंजावरहून आली. कापडी पिशवीत माळा भरून आणल्या होत्या, लेकीला डोहाळे म्हणून. दारातच घरमालकीणबाईंना वास आला. पिशवीत काय आहे, विचारलं. म्हातारीने कौतुकाने उघडून दाखवलं.

“त्या बाई मला म्हणाल्या, हें तुमच्या घरचें आहे काय? मी म्हटलें, नाहीं. आमच्यांत खात नाहींत. आईपुढें म्हटलें.” अक्कांचा आवाज तसाच सपाट होता. “आई ती पिशवी घेऊन पायरीवर बसली. पाणीही पिऊन गेली नाहीं. त्याच दिवशीं बस धरली. मग कधीं आमच्या घरीं आली नाहीं. मी जाईं तंजावरास, जेवूं घाली, बोले. येथें आली नाहीं.”

“म्हणून तुम्ही जिन्यात...”

“ऊठ,” त्या म्हणाल्या. “एक वाजला.”

त्या दुपारी मी माझा लिंबूभाताचा डबा घेऊन जिन्यात गेले. सेल्वीने सरकून जागा दिली. अक्कांनी माझ्या झाकणात दोन डाव मोच्चै वाढली, वर मटणाचा मोठा तुकडा ठेवला आणि माझा लिंबूभात चाखून “चोखोट आहे” म्हणाल्या. चोखोट म्हणजे छान. मी तो तुकडा तोंडात घातला तेव्हा श्रीधर वरून उतरत होता. त्याने पाहिलं आणि मी पाहू दिलं.

आठ दिवसांत घरमालक वर आले. फार सभ्यपणे बोलले. ऐकलं ते खरं आहे का, एवढंच विचारलं. नितीन काही जुळवू लागला होता, त्याच्या आधी मी म्हणाले, खरं आहे. महिन्याभरात घर सोडावं लागलं. नितीन चार दिवस माझ्याशी धड बोलला नाही. मग सैदापेटला अक्कांच्याच गल्लीच्या टोकाला जागा मिळाली, आणि पहिल्या रविवारी तोच सकाळी पिशवी घेऊन मटण आणायला गेला.

अक्कांचा निवृत्तीचा दिवस आला. आमच्याकडे निरोपसमारंभ जेवणाच्या खोलीत होतो. हार, शाल, हॉटेलातून मिठाई आणि भाषणं. अक्कांनी आधीच कळवलं, मी त्या खोलीत येणार नाही. लोकांनी फार समजावलं. एका दिवसाचा प्रश्न आहे, आज तर डबाही नाही. अक्का म्हणाल्या, डबा जिथे येत नाही तिथे मी येत नाही.

तर चार वाजता सबंध शाखा जिन्यात आली. वरच्या पायऱ्यांवर माणसं, खालच्या पायऱ्यांवर माणसं, मध्ये वळणावर घडीच्या स्टुलाशेजारी अक्का उभ्या. मिठाईचा खोका हातोहात फिरला. विश्वनाथन सर हार घेऊन उतरले. जागा नव्हती म्हणून त्यांना अक्कांच्याही खालच्या पायरीवर जाऊन वर वळावं लागलं. हार घातल्यावर ते हळू म्हणाले, “अम्मा, ती पाटी मी तुम्हाला उद्देशून लावली नव्हती.”

“माहीत आहे, सर,” अक्का म्हणाल्या. “पण आली माझ्याकडेच.”

सरांनी मान हलवली. त्यांना भाषण करायचं होतं, कागद खिशात होता. तो त्यांनी काढला नाही. अक्काच मग सगळ्यांकडे पाहून दोन वाक्यं बोलल्या. फाइली जागच्या जागी आहेत. कुणी उभ्याने वाचू नका. टाळ्या जिन्यात फार मोठ्या वाजतात. तळमजल्यावरचा झेरॉक्सवाला काय झालं म्हणून बघायला वर आला.

पाटी आजही आहे म्हणतात. मी दुसऱ्या कंपनीत गेले. जिन्यातली पंगत मात्र अक्का गेल्यावरही चालू राहिली हे मेरीकडून कळलं.

अक्कांना मी शेवटचं पाहिलं ते गेल्या मार्गशीर्षात. आम्ही बदली होऊन पुण्याला निघालो होतो. अक्कांची मूत्रपिंडं गेलेली, आठवड्यातून तीनदा रक्त शुद्ध करायला न्यावं लागे. अंगाने निम्म्या झाल्या होत्या. डाव्या हाताला पट्टी, नाकातले खडे चेहऱ्याला मोठे वाटू लागलेले. मीठ बंद, कडधान्यं बंद, पाणीसुद्धा मोजून. मी निरोप घ्यायला गेले तर त्या स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसल्या होत्या आणि शेगडीवर मडकं होतं. मी पुण्याला जाणार म्हणून माझ्यासाठी शिजत होतं. कविता त्या सांगतील तसं करत होती.

सरवणन दारात उभा होता, हाताची घडी घालून. तो मला म्हणाला, “तुम्ही तरी सांगा. या वासात बसायचं आणि खायचं नाही, याला काय अर्थ आहे? बाहेर चल म्हणतो तर ऐकत नाही.”

“माझें स्वयंपाकघर आहे,” अक्का म्हणाल्या.

झाकण काढल्यावर वाफ उठली. अक्कांनी डाव मागून घेतला. तो कविताला धरू दिला नाही. डावाने एक दाणा वर घेतला, फुंकर घातली आणि अंगठा आणि बोटात धरून दाबला. दाणा सहज फुटला. शिजला, म्हणायला तेवढं पुरे होतं. आम्ही तिघं त्यांच्याकडे पाहत होतो. अक्कांनी मान वर करून मुलाकडे सरळ पाहिलं, तो दाणा तोंडात टाकला आणि डोळे न हलवता सावकाश चावला.

“अम्मा,” सरवणन म्हणाला.

“एक आहे,” अक्का म्हणाल्या. “डॉक्टरांस सांग.”

मग बोटं पदराला पुसून त्या मला म्हणाल्या, “डबा मोठा आणलास ना?”